मनोविकाराची पहिली वर्षे : परिचारिका आणि कुटुंब

रायपूर शहरातील एखाद्या मध्यमवर्गीय घराची कल्पना करावी. मुलगा एकोणीस वर्षांचा, महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षात शिकणारा. काही महिन्यांपासून त्याला रात्री झोप येत नाही. मित्रांकडे जाणे त्याने सोडले आहे. शेजारीपाजारी आपल्याविषयीच कुजबुजतात, अशी त्याची खात्री झाली आहे. वडिलांना वाटते, हे अभ्यास टाळण्याचे सोंग आहे. आजीला कोणाची तरी दृष्ट लागल्याचा संशय येतो आणि ती गावाकडच्या बैगाला बोलावणे पाठविते. आई कधी मुलाची समजूत घालते, कधी देवाला नवस बोलते. असे सहा-आठ महिने जातात. कित्येकदा दोन वर्षेही जातात. अखेर एका रात्री मुलगा कोणाला न सांगता घरातून निघून जातो, आणि तो सापडल्यावर सारे कुटुंब रुग्णालयाच्या दारात येऊन उभे राहते.

डॉक्टर तपासतात, औषध लिहून देतात आणि पंधरा दिवसांनी येण्यास सांगतात. बाहेर रांग मोठी असते. हा विकार कोणता, तो कशाने झाला, मुलगा पुन्हा शिकू शकेल काय, तो आपल्याला आवाज ऐकू येतात म्हणाला तर त्याला काय उत्तर द्यावे, हे सारे प्रश्न आईवडिलांच्या मनातच राहतात. पंधरा दिवसांपैकी जेमतेम पंधरा मिनिटे रुग्ण डॉक्टरांसमोर असतो. उरलेला सर्व काळ तो घरच्या माणसांत असतो. तो काळ कसा जातो, यावर औषधाचे यशापयश पुष्कळसे अवलंबून असते. म्हणून घरच्यांना शिकविणे हा उपचाराचाच एक भाग मानावयास हवा. आणि हे शिकविण्यास परिचारिकेइतकी योग्य व्यक्ती दुसरी नाही. रुग्णाच्या उशापायथ्याशी ती अधिक वेळ असते, तिची भाषा घरगुती असते, आणि डॉक्टरांना विचारण्याचा संकोच वाटणारी आई ‘सिस्टर, एक विचारू का?’ असे तिला सहज म्हणू शकते.

हा विचार रुजण्यास पुष्कळ काळ लागला. रायपूर १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रदेशात होते, आणि नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ सालचे आहे. अशा संस्थांचा त्या काळचा हेतू रुग्णाला समाजापासून दूर ठेवणे हाच असे. रायपुराहून सुमारे तीनशे किलोमीटरवर माणूस एकदा पोहोचला, की घराशी त्याचा धागा बहुधा तुटे. पुढे १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहण्यास सांगितले. नातेवाईक जवळ राहिले, त्यांनी रुग्णाला सुधारताना डोळ्यांनी पाहिले, आणि त्याला परत घरी नेण्याची त्यांची भीती गेली. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयानेही त्याच दशकात नातेवाइकांसह राहण्याची सोय असलेले मानसोपचार केंद्र उभारले. त्याच सुमारास, १९५४ साली, इंग्लंडमधील वॉर्लिंगहॅम पार्क या रुग्णालयाने आपल्या परिचारिकांना घरी गेलेल्या रुग्णांच्या भेटीला पाठविण्यास आरंभ केला. रुग्णालयाच्या भिंतीबाहेर पडलेल्या मनोविकार-परिचारिकेची परंपरा तेथून सुरू होते.

घरातील वातावरणाचा परिणाम मोजण्याचे श्रेय लंडनच्या जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जाते. छिन्नमनस्कतेचे रुग्ण बरे होऊन घरी परतल्यावर त्यांचे काय होते, हे त्यांनी पाहिले. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे आढळले, की ज्या घरांत रुग्णावर सतत टीका होई, द्वेष व्यक्त होई किंवा त्याच्या प्रत्येक हालचालीत अवाजवी गुंतवणूक असे, तेथे नऊ महिन्यांत ५८ टक्के रुग्णांचा विकार उलटला. शांत घरांत हेच प्रमाण १६ टक्के होते. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या चंदीगढच्या अभ्यासात भारतीय कुटुंबांत अशा कडवट वातावरणाचे प्रमाण लंडनपेक्षा पुष्कळ कमी दिसले. आपल्या कुटुंबसंस्थेची ही पुण्याईच होय. परंतु या निष्कर्षांचा अर्थ घरच्यांमुळे विकार होतो असा मुळीच नाही. आधीच खचलेल्या आईवर दोषाचे आणखी ओझे टाकणारे शिक्षण नसलेले बरे. टीका बहुधा अज्ञानातून येते. मुलगा आळशी आहे असे वाटते तोवरच बाप रागावतो. तो आजारी आहे हे कळले, की राग आपोआप ओसरतो. शिक्षणाचा उपयोग होतो तो येथे.

मग परिचारिकेने शिकवावयाचे ते काय? पहिली गोष्ट म्हणजे विकाराचे स्वरूप. हा मेंदूच्या कार्यातील बिघाड आहे, करणी नव्हे, पूर्वजन्मीचे पाप नव्हे आणि आईच्या लाडाचे फळही नव्हे, हे साध्या शब्दांत सांगावयाचे. बहुतेक गंभीर मनोविकार पौगंडावस्थेत आणि तारुण्याच्या आरंभी डोके वर काढतात. त्यामुळे घरच्यांना ते वयाचे चाळे वाटणे स्वाभाविक आहे, हेही सांगावयाचे. दुसरी गोष्ट औषधाची. औषधाचा गुण दिसण्यास काही आठवडे लागतात. तोवर झोप येणे, अंग ताठरणे, हात कापणे, वजन वाढणे असे त्रास होऊ शकतात. ते झाल्यास औषध आपल्या मनाने बंद न करता कळवावे, म्हणजे मात्रा किंवा औषध बदलता येते. रुग्ण बरा दिसू लागताच गोळ्या थांबविणे ही सर्वांत मोठी चूक. पहिल्या झटक्यानंतर साधारणतः निदान एक ते दोन वर्षे औषध चालू ठेवावे लागते.

तिसरी गोष्ट पूर्वसूचनांची. विकार उलटण्यापूर्वी पुष्कळ रुग्णांत काही ठरावीक खुणा दिसतात. कोणाची झोप उडते, कोणी जेवण टाकतो, कोणी खोलीचे दार लावून बसतो, कोणी पुन्हा गांजाकडे वळतो. परिचारिका रुग्ण आणि घरचे यांना एकत्र बसवून त्या खुणांची यादी करविते आणि त्या दिसल्यास कोणाला केव्हा कळवावयाचे हे लिहून देते. चौथी गोष्ट बोलण्याची. मुलगा म्हणाला, ‘शेजारी माझ्यावर पाळत ठेवतात,’ तर ‘मूर्खासारखे बोलू नकोस’ हे उत्तर चुकीचे आणि ‘होय, ठेवतात खरे’ हेही चुकीचे. ‘तुला भीती वाटते आहे हे मला समजते, मी तुझ्याजवळ आहे,’ एवढे म्हणणे पुरे असते. शिवाय लग्न लावून दिले की मुलगा किंवा मुलगी ताळ्यावर येईल, या समजुतीने कित्येक घरांत एका दुःखाची दोन दुःखे झाली आहेत. तेही परिचारिकेने स्पष्ट सांगावयास हवे.

हे शिक्षण रुग्णाच्या पाठीमागे चालता कामा नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला स्वतःविषयीच्या माहितीच्या गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आपला प्रतिनिधी नेमण्याची मुभा दिली आहे, आणि त्याला साखळीने बांधणे कोणत्याही स्वरूपात निषिद्ध ठरविले आहे. २००१ साली तमिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांनी बांधलेले रुग्ण आगीत होरपळून मेले, ही घटना विसरण्याजोगी नाही. घरच्यांना काय सांगावयाचे, हे म्हणूनच शक्यतो रुग्णाच्या संमतीने ठरावे. तद्वतच घरच्यांचेही ऐकून घ्यावयास हवे. रात्ररात्र जागणाऱ्या आईला स्वतःच्या झोपेची, थकव्याची आणि लाजेची गोष्ट कोणाजवळ तरी बोलता आली पाहिजे. अशा चार-पाच कुटुंबांना महिन्यातून एकदा एकत्र बसविले, तर एकीचा अनुभव दुसरीला धीर देतो.

डॉक्टरांखेरीज इतरांनी केलेल्या अशा कामाचा उपयोग होतो काय? भारतात याची रीतसर परीक्षा झालेली आहे. गोवे, महाराष्ट्रातील सातारा आणि तमिळनाडू येथे छिन्नमनस्कतेच्या २८२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी रुग्णांच्या घरी जाऊन कुटुंबशिक्षण केले. केवळ दवाखान्यातील उपचार मिळालेल्या रुग्णांपेक्षा या रुग्णांची लक्षणे आणि परावलंबन वर्षभरात काहीशी अधिक कमी झाली. फरक मोठा नव्हता, आणि ते कार्यकर्ते परिचारिका नव्हते. परंतु सामान्य माणसे थोड्या शिक्षणाने जर इतके करू शकतात, तर शुश्रूषेचे संपूर्ण शिक्षण घेतलेली परिचारिका हे काम समर्थपणे करील, असे मानण्यास निश्चित आधार मिळतो.

रायपुरात या कार्याला लागणारी सामग्री नाही असे नाही. १९६३ पासून येथे वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०१२ पासून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आहे आणि तिचे परिचर्या महाविद्यालयही आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने छत्तीसगढच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांना दूरसंवादाने मनोविकारचिकित्सा शिकविली आहे. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीने सल्लाही मिळतो. याहून मोठे बळ म्हणजे येथील मितानीन. छत्तीसगढी लोकजीवनात देवासमोर मैत्री बांधण्याची जुनी प्रथा आहे. भोजली, महाप्रसाद, गंगाजल अशा नावांनी बांधलेली ती मैत्री रक्ताच्या नात्याइतकी पाळली जाते. त्या ‘मितान’ शब्दावरूनच पाड्यापाड्यातील आरोग्यसेविकेला २००२ साली मितानीन हे नाव मिळाले, आणि देशातील आशा योजनेला २००५ साली तिचाच आदर्श लाभला. आज राज्यात सुमारे सत्तर हजार मितानीन आहेत. रुग्णालयातील परिचारिकेने जे शिकविले, त्याची आठवण घराच्या ओट्यावर बसून करून देणारी मैत्रीण येथे आयतीच उपलब्ध आहे.

उणीव आहे ती व्यवस्थेची. मानसोपचार विभागात काम शिकलेली परिचारिका काही महिन्यांनी दुसऱ्या विभागात बदलून जाते, आणि कुटुंबाने मोठ्या कष्टाने टाकलेला विश्वास तिच्याबरोबर जातो. शिकविणे हे तिच्या कामाच्या नोंदीत धरले जात नाही; सलाईन लावले तर त्याची नोंद होते, आईचे तासभर ऐकले त्याची होत नाही. त्यासाठी नवीन इमारत नको. एक शांत खोली, आठवड्यातील एक ठरलेली दुपार, हिंदी, छत्तीसगढी, मराठी, ओडिया अशा घरच्या बोलींत लिहिलेली चार पाने, आणि निदान तीन वर्षे त्याच जागी राहणारी एक परिचारिका, एवढ्याने आरंभ होऊ शकेल.

आरंभी सांगितलेल्या घरातील मुलगा त्याच गोळ्या घेऊन घरी परततो. परंतु आता वडिलांना हे सोंग नव्हे हे ठाऊक आहे, आजी गोळीची वेळ सांभाळते, आणि आईच्या जवळ एका कागदावर पाच खुणा लिहिलेल्या आहेत. तो पुढे पदवी घेईल की नाही, हे आज कोणी सांगू शकत नाही. मात्र पुन्हा झोप उडाली, तर या वेळी दोन वर्षे वाट पाहिली जाणार नाही. दुसऱ्याच दिवशी कोणाला कळवावयाचे, हे त्या घराला माहीत आहे.