शरणपूरची पोरं
(लेखमाला : समुद्रापलीकडचे शेजारी – भाग ७)

गेल्या आठवड्यात आपण अंजनवेलपाशी थांबलो होतो. जयगडच्या बुरुजावर उभं राहिलं की खाडीपलीकडे तवसाळ दिसतं, आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने वर गेलं की वाशिष्ठीच्या मुखावर अंजनवेल, आफ्रिकी वंशाच्या सिद्दींचं ठाणं. १७४५ साली तुळाजी आंग्र्यांनी ते घेतलं आणि गोपाळगड असं नाव दिलं. तोवर आपल्या या टापूला ओळखीचा असलेला आफ्रिकी माणूस हा सत्ताधारी होता. किल्ल्यावर राहणारा, आरमार बाळगणारा, सारा घेणारा. आज ज्यांची गोष्ट सांगायची आहे ती माणसंही आफ्रिकेतूनच, याच समुद्रावरून आली. फरक एवढाच, की ती आली तेव्हा आठ-दहा वर्षांची पोरं होती आणि त्यांना कुठे नेतायत हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर झांजिबार, किलवा या बंदरांतून अरबस्तानाकडे आणि इराणच्या आखाताकडे गुलामांची गलबतं जात. वारा नैर्ऋत्येचा धरला की शिडं वर काढायची, हे गणित जयगडच्या कुठल्याही जुन्या तांडेलाला समजावून सांगावं लागणार नाही. ब्रिटिश आरमाराच्या गस्ती बोटी अशी गलबतं पकडत आणि आतली माणसं ‘मुक्त’ करत. पण मुक्त करून सोडायचं कुठे? गाव जळालेलं, आईबाप मेलेले किंवा भलत्याच बाजारात विकले गेलेले. किनाऱ्यावर परत सोडावं तर चार दिवसांत दुसरा कुणी व्यापारी उचलून नेणार. तेव्हा यांतल्या पुष्कळांची रवानगी मुंबईला होऊ लागली. मोठी माणसं बंदरात आणि बोटींवर कामाला लागत. मुलं कुणाच्या घरी, कुणा मिशनच्या पदरात. सुटका हा शब्द आपण फार सहज वापरतो. कुणा अनोळखी घरी घरकामाला ठेवलेल्या पोरीला आपली सुटका झाली असं वाटलं असेल का, हा प्रश्न सरकारी कागदांना पडलेला नाही.

नाशिकजवळ चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूर वसवलं होतं. विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याचा त्यात पुढाकार. १८५० च्या दशकात वसाहत उभी राहिली ती मुळात इथल्याच नवख्रिस्ती कुटुंबांसाठी, कारण धर्म बदलला की घर, शेत आणि पाणवठा तिन्ही सुटत. १८६० पासून तिथे आफ्रिकी मुलं येऊ लागली आणि ‘आफ्रिकन असायलम’ असा एक वेगळा विभाग झाला. आज नाशिकच्या शरणपूर रोडवरून जाणाऱ्याला दुकानं, दवाखाने आणि वाहनांची रांग दिसते. इथे कधीकाळी याओ आणि माकुआ पोरं रंधा चालवायला शिकत होती, हे नाशिककरांनाही सांगितलं की खरं वाटत नाही.

शिक्षण दोन प्रकारचं होतं. एक हाताचं : सुतारकाम, लोहारकाम, मुलींना शिवण आणि घरकाम. दुसरं अक्षरांचं : वाचन, लेखन, हिशेब, बायबल, इंग्रजी. बाप्तिस्म्याबरोबर नावंही नवी मिळत. चेंग्विम्बे नावाचा मुलगा मॅथ्यू वेलिंग्टन झाला. वेगवेगळ्या जमातींची, एकमेकांची भाषा न कळणारी ही मुलं तिथे एकत्र वाढली. आपल्याकडे शाळा गावात असते. इथे शाळा हेच गाव होतं. त्यांना ना भावकी होती, ना वाडी, ना कुलदैवत. पुढे त्यांची लग्नंही आपापसातच लागली, आणि त्यातून जो समाज तयार झाला त्याला मोंबासाच्या बाजूला ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ असं नाव पडलं. जन्म एकीकडचा, वाढ दुसरीकडची, आणि नाव त्या शहराचं जिथे यातली अनेकजण धड राहिलीही नव्हती.

१८६५ मध्ये आफ्रिकेचा अंतर्भाग धुंडाळणारा प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन मुंबई इलाख्यात होता. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर त्याचा चाहता. नव्या मोहिमेसाठी माणसं हवी होती म्हणून लिव्हिंगस्टन नाशिकला गेला आणि शरणपूरची नऊ मुलं घेऊन आला. चुमा आणि विकतानी हे दोघे याआधीच, १८६४ साली, त्याच्याबरोबर मुंबईत आले होते आणि डॉ. जॉन विल्सन यांच्याकडे शिकायला राहिले होते. जानेवारी १८६६ मध्ये सगळे मुंबईहून झांजिबारला निघाले. लिव्हिंगस्टनची रोजनिशी वाचली तर या मुलांबद्दल कौतुकापेक्षा कुरकुरच जास्त सापडते : आळशी आहेत, ऐकत नाहीत. मला त्यात नवल वाटत नाही. सुतारकाम शिकलेल्या पोराला ओझं वाहायला लावलं तर तो तोंड वाकडं करणारच. नऊपैकी एक, रिचर्ड, पहिल्याच वर्षी वारला. काही सोडून गेले. एडवर्ड गार्डनरसारखे मात्र शेवटपर्यंत राहिले.

१८७२ मध्ये आणखी काही शरणपूरकर मदतीला पाठवले गेले. त्यात जेकब वेनराइट होता. १ मे १८७३ च्या सुमारास, आजच्या झांबियातल्या चितांबो या गावी लिव्हिंगस्टन वारला, आणि पुढच्या काही आठवड्यांत या मंडळींनी जे केलं ते सावकाश बघण्यासारखं आहे. त्यांनी प्रेत तिथेच पुरून घरचा रस्ता धरला असता तर कुणी दोष दिला नसता. त्याऐवजी त्यांनी काळीज आणि आतडी एका झाडाखाली पुरली. वेनराइटने इंग्रजी प्रार्थनापुस्तकातली अंत्यविधीची प्रार्थना वाचली. देहाला मीठ लावून तो दोन आठवडे उन्हात सुकवला, कापडात गुंडाळला, झाडाच्या सालीच्या नळकांड्यात घातला, वरून शिडाचं कापड शिवलं आणि डांबर लावलं. शिडाचं कापड आणि डांबर! जयगडच्या कुठल्याही जुन्या खलाशाने हेच केलं असतं. मग वेनराइटने त्या झाडाच्या खोडावर नाव, तारीख आणि सोबतच्या काही माणसांची नावं कोरली. त्याने कोरलेली तारीख ४ मे अशी आहे, इतिहासाची पुस्तकं १ मे म्हणतात. झाडाचा तो कोरलेला तुकडा पुढे लंडनला रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत गेला.

तो देह घेऊन ही माणसं दीड हजार किलोमीटरहून अधिक चालली. वाटेत टाबोराला कॅमेरॉन नावाचा इंग्रज अधिकारी भेटला. प्रेत इथेच पुरा, असा सल्ला त्याने दिला. त्यांनी तो मानला नाही. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोच्या किनाऱ्याला पोचले. प्रवासभर पुढारी होते ते लिव्हिंगस्टनचा जुना सोबती सुसी आणि चुमा, पण देहाबरोबर इंग्लंडला नेलं गेलं ते एकट्या वेनराइटला, तेही मिशनच्या खर्चाने. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनाच्या वेळी शवपेटीच्या मानकऱ्यांत शरणपूरच्या शाळेचा हा विद्यार्थी होता. निवड का झाली? तो इंग्रजी लिहू-वाचू शकत होता, आणि मिशनला आपल्या शाळेचं फळ दाखवायचं होतं. फळ दाखवून झाल्यावर त्याची फारशी आठवण कुणाला राहिली नाही. १८९२ साली तो आफ्रिकेच्या आतल्या भागात, उरांबोला, वारला.

१८७३ हे साल जरा धरून ठेवा. मे महिन्यात वेनराइट झाडावर अक्षरं कोरत होता. जूनमध्ये, मुंबईचं गव्हर्नरपद सोडून गेलेल्या फ्रिअरने सुरू केलेल्या वाटाघाटींतून झांजिबारच्या सुलतानाने गुलामांचा बाजार बंद करण्याच्या तहावर सही केली. आणि त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झालं, अमेरिकेतल्या निग्रोंना दास्यातून सोडवणाऱ्या तिथल्या लोकांना अर्पण केलेलं. पुण्यापासून नाशिक काही फार लांब नाही. फुल्यांची नजर पार अमेरिकेपर्यंत गेली, ती ज्या दास्याकडे बोट दाखवत होती त्यातून सुटलेली पोरं मात्र दोनशे किलोमीटरवर लाकूड तासत होती.

त्याच अमेरिकेत १८६५ ला गुलामी कायद्याने संपली तेव्हा सुटलेल्या चाळीस लाखांपुढे पहिली भूक होती ती अक्षराची. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामाला वाचायला शिकवणं हाच गुन्हा ठरवलेला होता. त्यामुळे आजोबा आणि नातू एकाच फळ्यासमोर बसले. चर्चच्या इमारतीत दिवसा मुलं, रात्री मोठी माणसं. पुढे हँप्टन (१८६८) आणि बुकर टी. वॉशिंग्टनचं टस्कीगी (१८८१) या संस्था निघाल्या. तिथल्या विद्यार्थ्यांनी विटा स्वतः भाजल्या, इमारती स्वतः बांधल्या. वॉशिंग्टनचं म्हणणं : आधी हाताला काम, पोटाला भाकर; हक्क मागाहून. कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइसने १९०३ मध्ये त्याला उघड विरोध केला : ज्या समाजाला फक्त हातकाम शिकवलं जातं त्याला कायम दुसऱ्याच्या हाताखाली ठेवायचं असतं. याच डू बॉइसना १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी पत्र लिहिलं, हे पुष्कळांना ठाऊक असेल.

हा वाद जुना झाला असं ज्याला वाटतं त्याने जयगडला यावं. बंदर आणि वीजप्रकल्प आल्यापासून इथल्या प्रत्येक ओटीवर तो चालू आहे. पोराला आयटीआयला घालून फिटर-वेल्डर करायचा, सीडीसी (खलाशाचा दाखला) काढून बोटीवर धाडायचा, की रत्नागिरीला कॉलेजात? आई म्हणते शिकू दे, बाप म्हणतो कंपनीत चिकटला म्हणजे झालं. दोघांचंही चूक नाही. माझं स्वतःचं मत डू बॉइसकडे झुकतं, पण महिन्याचा पगार मला त्या घरात आणून द्यायचा नसतो, हेही खरं.

शरणपूरच्या मुलांना हा वाद घालायची संधीच नव्हती, कारण त्यांच्या वतीने भांडणारे आईबाप नव्हते. काय शिकायचं आणि शिकून कुठे जायचं, दोन्ही दुसऱ्यांनी ठरवलं. १८७४ मध्ये प्राइसला मोंबासाला पाठवलं गेलं. त्याने समोरच्या किनाऱ्यावर जमीन घेतली आणि सुटका झालेल्या गुलामांसाठी फ्रिअर टाऊन वसवलं. शरणपूरचं असायलम बंद झालं आणि तिथली शंभराच्या वर माणसं ‘परत’ आफ्रिकेला गेली. या ‘परत’ला काही अर्थ नव्हता. मोंबासाचा किनारा त्यांतल्या बहुतेकांनी कधी पाहिलाच नव्हता, त्यांची गावं होती शेकडो मैल आत. तिथल्या लोकांच्या लेखी हे कोटपाटलोण घातलेले, इंग्रजी फाडणारे परके होते. आणि खरं सांगायचं तर यांनीही स्थानिकांना जरा कमीच लेखलं.

पण या शिकलेल्या माणसांनीच ती वसाहत चालवली. शिक्षक, दुभाषे, सुतार, लोहार, कारकून, उपदेशक सगळे तेच. आणि मग त्यांनी विचारायला सुरुवात केली : आमच्याएवढंच काम करणाऱ्या गोऱ्याला पगार किती? फ्रिअर टाऊनच्या गोऱ्या अधीक्षकाने वसाहतीतल्या लोकांना फटके मारल्याचं प्रकरण लंडनपर्यंत गाजलं. मिशनऱ्यांच्या पत्रांत ‘बॉम्बे आफ्रिकन्स’बद्दल चिडचिड दिसू लागते, की ही माणसं फार शेफारली आहेत. ज्या अक्षरांसाठी त्यांची पाठ थोपटली होती तीच अक्षरं आता तक्रारअर्ज लिहायला लागली होती. हातकामाने त्यांना पोट दिलं, पण मान वर करून बोलायची सोय लेखणीने केली. शरणपूरच्या अभ्यासक्रमात हे बसवलेलं नव्हतं.

यातलं सगळ्यात भक्कम माणूस मला वाटतं विल्यम जोन्स. याओ मुलगा, लोहारकाम शिकलेला. १८६४ मध्येच तो जॉर्ज डेव्हिड आणि इश्माएल सेमलर यांच्याबरोबर मोंबासाजवळच्या राबाईला मदतनीस म्हणून गेला होता. १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टनने जोन्स आणि सेमलर यांना दीक्षा दिली. त्याच वर्षी बिशपबरोबर जोन्स आतल्या भागात निघाला. ऑक्टोबरमध्ये बिशप मारला गेला, आणि उरलेल्या माणसांना किनाऱ्यापर्यंत सुखरूप परत आणलं ते जोन्सने.

पण त्याचं खरं काम राबाईला झालं. किनाऱ्यावरच्या मळ्यांतून पळालेले गुलाम राबाईच्या वस्तीत येऊन राहत. वरिष्ठांची भूमिका सावध होती, कारण मळेवाल्या अरबांशी भांडण परवडणारं नव्हतं. जोन्सच्या वस्तीत मात्र पळून आलेल्यांना जागा मिळत गेली, त्यांनी शेतं केली, घरं बांधली. १८८८ मध्ये मळेवाले आपली ‘मालमत्ता’ परत मागू लागले तेव्हा आकडा चौदाशेच्या घरात गेला होता. ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीच्या मॅकेंझीने मालकांना भरपाई देऊन प्रकरण मिटवलं आणि १८८९ च्या पहिल्या दिवशी राबाईला त्या सगळ्यांना सुटकेचे दाखले वाटले गेले.

आणि तो चेंग्विम्बे, म्हणजे मॅथ्यू वेलिंग्टन, या सगळ्यांत जास्त जगला. १९३५ साली मोंबासात वारला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा आपल्या किनाऱ्यावर येऊ : मुरुडला, जिथे आफ्रिकी वंशाच्या नवाबांनी आपल्या प्रजेसाठी शाळा काढल्या.