फिरत्या पात्यांमधून गोळी कशी जाते?

पहिल्या महायुद्धातील विमानांच्या प्रतिकृती अनेक विद्यार्थी हौसेने करतात. पंख, चाके, रंग सगळे बारकाईने जमवतात. पण मशीनगन मात्र बहुधा एक काळी काडी म्हणून चिकटवली जाते. खरे तर त्या काळच्या विमानावर बंदूक कुठे आणि कशी बसवली आहे, हे पाहिले की यंत्रशास्त्राचा एक सुंदर धडा हाती लागतो.

प्रश्न असा होता. वैमानिकाला नेम धरायचा तर बंदूक त्याच्या डोळ्यांसमोर, विमानाच्या नाकाच्या दिशेने रोखलेली हवी. पण तिथेच लाकडी प्रोपेलर फिरत असतो! गोळ्या पात्यांवर आदळल्या तर पाते तुटणार आणि विमान कोसळणार.

किती गोळ्या आदळतील? थोडे गणित करू. समजा, गोळी केंद्रापासून ६० सें.मी. अंतरावरून जाते. तिथे वर्तुळाचा परीघ सुमारे ३७७ सें.मी. होतो. पाते तिथे २० सें.मी. रुंद धरले, तर दोन पाती मिळून ४० सें.मी. जागा अडवतात. म्हणजे दर शंभर गोळ्यांपैकी साधारण १० किंवा ११ पात्यांवर आदळतील. उरलेल्या आपोआप निसटतील.

नेमक्या याच हिशेबावर रोलाँ गारो या फ्रेंच वैमानिकाने एप्रिल १९१५ मध्ये भिस्त ठेवली. त्याने पात्यांवर पोलादी पाचरी बसवल्या. आदळणाऱ्या थोड्या गोळ्या त्यावरून बाजूला उडत. या युक्तीने त्याने काही जर्मन विमाने पाडली. पण १८ एप्रिल १९१५ रोजी त्याला शत्रूच्या प्रदेशात उतरावे लागले आणि विमान जर्मनांच्या हाती पडले. मग जर्मनांसाठी विमाने बनवणाऱ्या अँथनी फोकर या डच तरुणाच्या कारखान्याने याहून चांगला उपाय पुढे आणला. मूळ कल्पना अगदी नवी नव्हती. फ्रांझ श्नायडर या स्विस अभियंत्याने १९१३ मध्येच तिचे पेटंट घेतले होते. मात्र ती रणांगणावर यशस्वी झाली ती १९१५ च्या उन्हाळ्यात, फोकरच्या एकपंखी विमानावर.

या यंत्रणेविषयी एक गैरसमज सर्रास आढळतो. पाते समोर आले की बंदूक थांबवली जाते, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात उलट आहे. बंदूक प्रत्येक गोळीनंतर नवे काडतूस भरून तयार राहते आणि वाट पाहते. प्रोपेलरबरोबर फिरणाऱ्या चकतीवर एक उंचवटा, म्हणजे कॅम, असतो. वैमानिकाने कळ दाबलेली असेल, तर हा कॅम एका दांड्याला धक्का देतो आणि तो धक्का बंदुकीचा चाप ओढतो. म्हणजे वैमानिक फक्त परवानगी देतो. गोळी झाडतो तो इंजिनच.

आता वेळेचा हिशेब पाहा. प्रोपेलर मिनिटाला १२०० फेरे घेतो असे धरू. म्हणजे सेकंदाला २० फेरे, किंवा एक सहस्रांश सेकंदात ७.२ अंश. गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ७५० मीटर. बंदुकीचे तोंड प्रोपेलरपासून दीड मीटर मागे असेल, तर गोळीला तिथे पोचायला २ सहस्रांश सेकंद लागतात. तेवढ्यात पाते सुमारे १४ अंश फिरते. दोन पात्यांमधील मोकळी जागा सुमारे १६० अंशांची असल्याने एवढा उशीर सहज सामावतो. अट एकच: चाप ओढणे आणि गोळी सुटणे यातील वेळ दर खेपेस सारखी हवी. तीत १० सहस्रांश सेकंदांचा फरक पडला, तर पाते ७२ अंश पुढेमागे झालेले असेल!

म्हणूनच व्हिकर्स बंदूक इथे चालली आणि लुईस चालली नाही. व्हिकर्समध्ये काडतूस आधीच नळीत बसलेले असते. फक्त फायरिंग पिन पुढे जायची असते. लुईसचा बोल्ट मागे अडकवलेला असतो. चाप ओढल्यावर तो पुढे येतो, वाटेत काडतूस ढकलतो आणि मग गोळी सुटते. काजळी, थंडीने घट्ट झालेले तेल, सैल झालेली स्प्रिंग, यांमुळे या प्रवासाचा वेळ बदलत राहतो. त्यामुळे लुईस वरच्या पंखावर, प्रोपेलरच्या वर्तुळाबाहेरून मारा करील अशी बसवत.

दांड्यांनाही झीज आणि लवचीकपणाचा त्रास होताच. जॉर्ज कॉन्स्टंटिनेस्को या रुमानियन अभियंत्याने दांड्यांऐवजी तेलाने भरलेल्या नळीतून दाबाचे स्पंद पाठवण्याची पद्धत काढली. ब्रिटिश विमानांवर ती १९१७ पासून आली. त्याच वर्षीच्या फ्रेंच स्पॅड-१२ विमानात तर ३७ मि.मी. तोफेची नळी प्रोपेलरच्या पोकळ आसातूनच काढली होती. तिथे वेळ जुळवण्याचा प्रश्नच उरला नाही. पण दर गोळा वैमानिकाला हाताने भरावा लागे.

प्रतिकृती करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. जमिनीवरच्या व्हिकर्सच्या नळीभोवती पाण्याचे वेष्टण असे. विमानात वेगाचा वाराच नळी थंड ठेवी, म्हणून पाणी काढून टाकले आणि वेष्टणाला खाचा पाडल्या. त्या खाचा प्रतिकृतीत दिसायलाच हव्यात.

वर्गात दाखवायला एस.ई.५ए हे ब्रिटिश विमान उत्तम. त्यावर नाकाजवळ व्हिकर्स आणि वरच्या पंखावर लुईस, अशी दोन्ही उत्तरे एकत्र दिसतात. कोलकात्यात जन्मलेले इंद्रलाल रॉय हेच विमान चालवत. जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत त्यांनी दहा विजय मिळवले आणि २२ जुलैला ते हवाई लढाईत मारले गेले. वय अवघे एकोणीस.

विद्यार्थ्यांसाठी एक उदाहरण. बंदुकीला पुन्हा तयार व्हायला १२० सहस्रांश सेकंद लागतात. कॅम दर फेऱ्याला एकदा, म्हणजे दर ५० सहस्रांश सेकंदांनी धक्का देतो. तर मिनिटाला किती गोळ्या सुटतील? पाचशे असे उत्तर आले, तर बंदूक पुढच्या धक्क्याची वाट पाहते हे विसरले गेले. बरोबर उत्तर ४०० आहे. कॅमला दोन उंचवटे दिले तर? करून पाहा.