पैनगंगेकाठची उष्णोदक कुंडे

पैनगंगा नदी यवतमाळ आणि नांदेड या जिल्ह्यांची सीमा आखते. परंतु उत्तर तीरावरून उनकेश्वरास स्नानासाठी जाणाऱ्या कुटुंबांच्या लेखी ती सीमा कधीच नव्हती. किनवट तालुक्यातील या क्षेत्री गंधकयुक्त म्हणून ओळखले जाणारे पाणी भूमीतून वर येते. त्याचे तापमान सुमारे 42 अंश सेल्सिअस असते. यवतमाळ जिल्ह्यातही कापेश्वर आणि वणी तालुक्यातील कायर येथे असे उष्ण झरे आहेत. न्हाणीघर ही घरोघरीची सोय नव्हती, त्या काळी ही कुंडे म्हणजेच या खोऱ्यातील सार्वजनिक स्नानगृहे होती. त्यांना ना दार होते, ना तिकीट.

‘ऊन’ हा शब्द आपण आज सूर्यप्रकाशापुरता वापरतो. जुन्या मराठीत ऊन पाणी म्हणजे कढत पाणी. उनकेश्वर, जळगाव जिल्ह्यातील उनपदेव, कोकणातील उन्हवरे या नावांत ती ऊब अद्याप टिकून आहे. व्याधिग्रस्त शरभंग ऋषींसाठी श्रीरामांनी बाण मारून उष्ण जल प्रकट केले, ही कथा उनकेश्वरी सांगतात आणि उनपदेवासही सांगतात. एका ऋषींवर दोन गावांनी हक्क सांगावा, यात वावगे काही नाही. व्याधी आणि ऊन पाणी यांचे नाते लोकांनी किती दूरवर मानले होते, एवढे त्यातून कळते. उनकेश्वराच्या मंदिरातील शिलालेख देवगिरीच्या रामचंद्र यादवाच्या काळातील आहे. म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकाच्या संधीकाळीही हे स्थान नांदते होते. त्वचाविकाराचे रुग्ण आजही येथे श्रद्धेने येतात. वैद्याच्या सल्ल्याची जागा मात्र कुंडाने घेऊ नये.

या पाण्याखाली ज्वालामुखी नाही. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल झिरपते. भूगर्भात दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंशांनी उष्णता वाढत जाते. तापलेले पाणी एखाद्या मोठ्या भेगेच्या वाटेने पुन्हा वर येते, आणि या प्रवासास दीर्घ काळ लागतो. कुंड म्हणजे त्या वाटेचे केवळ मुख होय. मुखाची डागडुजी केली आणि भोवती विंधनविहिरींची गर्दी होऊ दिली, तर दगडी पायऱ्या सुस्थितीत राहतील, पण त्यांवरून उतरून पोहोचायचे ते पाणी उरणार नाही.

इंग्लंडमधील बाथ हे शहर याच धोक्याला सामोरे गेले. तेथील रोमनकालीन स्नानगृहातील पाणी सुमारे 46 अंशांचे, म्हणजे उनकेश्वराहून किंचित अधिक उष्ण. 1978 साली तेथे पोहलेल्या एका मुलीचा पाण्यातील सूक्ष्म अमीबाच्या संसर्गाने मृत्यू झाला आणि सार्वजनिक स्नान बंद करण्यात आले. त्यानंतर दोन गोष्टी घडल्या. 1982 च्या एका कायद्याने झऱ्यांच्या परिसरात खोल खोदकाम करण्यावर नियंत्रण आले. नवे विंध घेऊन शुद्ध पाणी मिळवण्यात आले आणि 2006 मध्ये नव्या वास्तूत स्नान पुन्हा सुरू झाले. प्राचीन हौद मात्र आता केवळ पाहण्यासाठी उरला आहे.

आपल्याकडे 1993 च्या भूजल कायद्याने पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर खोदण्यावर निर्बंध घातले. स्नानाच्या कुंडाला असे संरक्षण आपोआप लाभत नाही. ग्रामपंचायतीने ठराव करून कुंडाभोवतीचे क्षेत्र राखले, तर त्याचा खर्च जवळजवळ शून्य आहे.

कुंडाच्या बांधकामाची गोष्ट निराळी. जुन्या दगडी बांधकामात चुन्याचे सांधे ओलावा आत-बाहेर जाऊ देतात. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि चकचकीत फरशी बसवली की पाणी दगडाच्या पाठीमागे कोंडते आणि चिरे सुटू लागतात. हे बहुधा भक्तिभावाने, देणगीच्या पैशातून घडते, म्हणून त्याला कोणी हरकतही घेत नाही. साबण कुंडाबाहेर, आधी बाहेर अंग धुणे, स्त्रियांसाठी आडोसा, वाहते पाणी अडू न देणे, हे साधे नियम पाळले तरी पुष्कळ साधते.

या खोऱ्यावर निम्न पैनगंगा धरणाच्या प्रश्नाचे सावटही आहे. बुडिताची चर्चा घरे आणि शेती यांच्या मोजणीवर थांबते, आणि ते स्वाभाविक आहे. तरीही नदीकाठच्या प्रत्येक कुंडाची, मंदिराची, शिलालेखाची नोंद आजच झाली पाहिजे. पाणी चढल्यावर मोजणी करता येत नाही.

जपानमधील मात्सुयामा येथील दोगो ओनसेन हे 1894 सालचे लाकडी स्नानगृह 2019 ते 2024 या काळात दुरुस्त करण्यात आले. काम टप्प्याटप्प्याने चालले आणि बहुतांश काळ एका भागात दुरुस्ती, तर दुसऱ्या भागात स्नान सुरू राहिले. उनकेश्वरास किंवा कापेश्वरास एवढा खर्च करण्याचे कारण नाही. एक तापमापक, एक वही आणि दर अमावास्येला पाण्याची ऊब व पातळी लिहून ठेवणारा गावच्या शाळेतील एखादा विद्यार्थी, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो.