दिवा न लावता केलेलं रसायन

२०१२ साली सर्ज हरोश यांना डेव्हिड वाइनलँड यांच्यासोबत भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. अतिवाहक आरशांमध्ये मायक्रोवेव्हचे मोजके फोटॉन कोंडायचे आणि त्यांच्यामधून एकेक अणू सोडायचा, असे त्यांचे पॅरिसमधले प्रयोग. त्याच वर्षी स्ट्रासबर्गच्या थॉमस एबसन यांच्या गटाने आरशांचा हा खेळ रसायनशास्त्रात आणला. रंग बदलणाऱ्या रेणूंचा थर चांदीच्या दोन आरशांमध्ये ठेवला, तर प्रकाशाने होणारं त्यांचं रूपांतर मंदावतं, असं त्यांनी जाहीर केलं.

आरशांमधलं अंतर ठरवलं की पोकळीत ठरावीक तरंगलांब्यांचाच प्रकाश टिकतो. रेणूची ऊर्जा त्याच्याशी जुळली आणि प्रकाश निसटण्याआधीच दोघांत देवाणघेवाण होऊ लागली, की ते वेगळे उरत नाहीत. वर्णपटातल्या एका शिखराची दोन होतात. या मिश्र अवस्था म्हणजे पोलॅरिटॉन. अर्धवाहकांत ते १९९२ मध्येच दिसले होते.

खरी खळबळ याच गटाच्या २०१६ च्या निबंधाची. सोन्याचा मुलामा दिलेल्या दोन चकत्या, मध्ये काही मायक्रोमीटरची फट आणि फटीत द्रावण. क्रिया घडवायला बाहेरून प्रकाश टाकलेलाच नाही! फट सिलिकॉन-कार्बन बंधाच्या कंपनाशी जुळवली, तेव्हा तो बंध तुटण्याचा वेग जवळपास पाचपटीने उतरला. जुळणी मोडली की वेग पूर्ववत. रिकाम्या पोकळीतही विद्युतचुंबकीय क्षेत्र पुरतं शांत नसतं, बंध त्या चुळबुळीशीच जोडला जातो, हे एबसन यांचं स्पष्टीकरण. या निबंधाच्या लेखकांपैकी अनूप थॉमस पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि जिनो जॉर्ज मोहालीच्या आयसरमध्ये.

सिद्धान्तवाल्यांना मात्र हे पचेना. पोकळीतल्या एका लहरीला अब्जावधी रेणू मिळून जोडलेले असतात; मग एकट्या रेणूच्या वाट्याला कितीसं येणार? शंका रास्तच होती. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी याच पद्धतीच्या क्रिया पुन्हा करून पाहिल्या, त्यांना काहीच फरक आढळला नाही. २०२४ मध्ये एक्सेटरच्या संशोधकांनी तर २०१२ च्या रेणूवरच बोट ठेवलं: आरशांमुळे आतल्या थरात अतिनील प्रकाश किती शोषला जातो, यावरूनच वेगातला फरक समजतो. उलट बाजूने, अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेला २०२३ मध्ये युरेथेन बनण्याची क्रिया पोकळीत खरोखर मंदावलेली दिसली.

घन पदार्थांत चित्र जास्त स्वच्छ आहे. झुरिकमध्ये २०२२ साली आरशांऐवजी धातूच्या सूक्ष्म कड्या वापरल्या. एरवी अढळ मानले जाणारे क्वांटम हॉल परिणामातले विद्युतरोधाचे काही टप्पे, प्रकाश न टाकताही, ढळले.

झुरिकचा निकाल मी मान्य करतो. द्रावणांतल्या क्रियांचं म्हणाल, तर तीच क्रिया परस्परांशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळांत तितकीच मंदावल्याशिवाय तिला पाठ्यपुस्तकात जागा देऊ नये.