इमारत स्वयंचलन प्रणालीत सुरक्षा कार्यांचा समावेश

वातानुकूलन, पंखे, पंप आणि दिवे चालवणाऱ्या इमारत स्वयंचलन प्रणालीवर, म्हणजेच बीएमएसवर, जीवरक्षणाचे काम किती सोपवावे, हे या पाठात पाहू.

उदाहरण : भिलाई

१२ जून २०१४ रोजी भिलाई पोलाद कारखान्यात बिघाडामुळे पाण्याचा दाब उतरला. पाण्याच्या वाहिनीतून झोतभट्टीचा गॅस उलटा पंपघरात शिरला. त्यातील कार्बन मोनॉक्साइडने सहा जणांचा बळी घेतला. या वायूला रंग नाही, वासही नाही. शिवाय पंपघर हे गॅसचे ठिकाण नव्हे. धोका दुसऱ्या यंत्रणेतून आला.

असे पंपघर तुम्हाला रचायचे आहे असे समजा.

१. सुरक्षा साखळी स्वतंत्र ठेवा
गॅसशोधक, सुरक्षा नियंत्रक आणि भोंगा, पंखा, झडप ही साखळी स्वतःच्या तारांवर चालावी. बीएमएसला फक्त माहिती मिळावी. बीएमएसचा संगणक बंद पडला, तरी भोंगा वाजलाच पाहिजे. हा वायू जवळजवळ हवेइतकाच जड असल्याने शोधक माणसाच्या नाकाच्या उंचीवर बसवा.

२. बिघाडाची दिशा ठरवा
वीज असताना उघडी राहणारी स्प्रिंगची झडप घ्या. तार तुटली तर ती आपोआप बंद होते. पंख्याचे उलटे आहे, त्याला वीज लागतेच. म्हणून त्याच्या तारेवर सतत देखरेख आणि आपत्कालीन वीजपुरवठा हवा.

३. अग्रक्रम ठरवा
बॅकनेटमध्ये आज्ञांचे १६ अग्रक्रम असतात. पहिला हाताने दिलेल्या जीवरक्षक आज्ञेचा, दुसरा स्वयंचलित जीवरक्षक आज्ञेचा, तर चालकाच्या नेहमीच्या आज्ञेचा आठवा. वीजबचतीच्या वेळापत्रकाने रात्री पंखा बंद ठेवला असेल, तरी दुसऱ्या क्रमांकाची आज्ञा तो चालू करते. मात्र अग्रक्रम म्हणजे सुरक्षेची हमी नव्हे. नेटवर्कच तुटले तर आज्ञा पोहोचणार नाही. म्हणून पहिला नियम कायम.

४. कारण-परिणाम तक्ता लिहा
• पाण्याचा दाब कमी : गॅस विभागाकडे जाणाऱ्या वाहिनीची झडप बंद, दोन्हीकडे इशारा. गॅस येण्याची वाट पाहू नका.
• कार्बन मोनॉक्साइड ५० पीपीएम : भोंगा, पंखा पूर्ण वेगात. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने कायद्यात आठ तासांच्या सरासरीची मर्यादा हीच होती.
• त्याहून वाढल्यास : दाराबाहेर लाल दिवा, दार आतून विनाकुलूप. श्वसनयंत्राशिवाय कोणीही आत जाऊ नये. वाचवायला धावलेलेच अनेकदा बळी पडतात.
• धोका टळल्यावर : यंत्रणा आपोआप पूर्ववत होऊ नये, जागेवर तपासणी करून हातानेच करावी.

हा वायू ज्वलनशीलही आहे, म्हणून पंखा ठिणगीरोधक घ्या.

लक्षात ठेवा : बीएमएसने सुरक्षा साखळीला पाहावे, तिचे ऐकावे, तिला थांबवण्याचा अधिकार मात्र त्याच्याकडे नसावा.

स्वाध्याय : धूर आढळल्यास ताजी हवा आत घेणारा पंखा थांबवतात, गॅससाठी तो चालू ठेवतात. दोन्ही इशारे एकदम आले तर? तुमच्या तक्त्यात ही ओळ कारणांसह भरा.