घरी शिकणाऱ्या मुलाचे नाव शाळेच्या पटावर हवेच

धाराशिव जिल्ह्यात भूम-कळंबची वस्ती असो की उमरग्याकडचे गाव, बोलायला किंवा चालायला उशीर झालेल्या मुलाच्या आईला दोन सल्ले हमखास मिळतात: ‘होईल हळूहळू’ आणि ‘घरीच राहू दे त्याला’. सांगणाऱ्याची माया खरी असते, पण त्यापायी मुलाची शिकण्याची मोलाची वर्षे निघून जातात.

गैरसमज : घरी शिकवायचे म्हणजे शाळेतून नाव काढायचे.
वस्तुस्थिती : समग्र शिक्षा अभियानातल्या गृहाधारित शिक्षणात मुलाचे नाव जवळच्या शाळेच्या पटावरच राहते. विशेष शिक्षक घरी येऊन मुलासोबत पालकांनाही शिकवतात. पाठ्यपुस्तके, साहित्य-साधने, दिव्यांग मुलींना वर्षातले १० महिने मिळणारा दरमहा २०० रुपयांचा भत्ता, हे सारे त्या पटावरच्या नोंदीवर चालते.

गैरसमज : कुणीही आपले मूल घरी शिकवू शकते, कायद्यातच तशी सोय आहे.
वस्तुस्थिती : शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तिने गृहाधारित शिक्षणाचा पर्याय दिला तो तीव्र दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्या मुलांना. बाकीच्यांची जागा शाळेतच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळा शेजारची घ्यायची की विशेष, हे घरच्यांनी ठरवायचे. ‘आमच्याकडे जमणार नाही’ म्हणून शाळेला मुलाला वाटेला लावता येत नाही.

गैरसमज : याचा मामाही उशिराच बोलला होता, थांबा थोडे.
वस्तुस्थिती : थांबू नका. आधी कान तपासा. ऐकू येत नसेल तर बोलणे येणार कुठून? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. पुढच्या तपासणीसाठी पथकाकडून चिठ्ठी मागून घ्या.

गैरसमज : तिसरीत गेला तरी वाचता येत नाही, म्हणजे आळशी आहे.
वस्तुस्थिती : तोंडी सगळे सांगणारे, पण वाचताना अडणारे आणि लिहिताना अक्षरे गाळणारे मूल आळशी असेलच असे नाही. दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांमध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमताही आहे. तिचे प्रमाणपत्र साधारण आठव्या वर्षापासून मिळते. मदत मात्र त्याआधीच सुरू करायची. अशा मुलाला घरी बसवण्याचे कारण नाही. त्याला वर्गात वेगळी पद्धत आणि परीक्षेत सवलत हवी.

गैरसमज : घरचे शिक्षण म्हणजे घरी पाटी-पुस्तक.
वस्तुस्थिती : त्याची सुरुवात रोजच्या कामापासून होते. शर्टाचे बटण घ्या. आईने ते काजात अर्धे सरकवायचे, मुलाने फक्त बाहेर ओढायचे. ते जमले की त्याच्या आधीची पायरी त्याच्याकडे सोपवायची. काम शेवटच्या पायरीपासून उलटे शिकवले की प्रत्येक वेळी ते मुलाच्या हातून पुरे होते. दावणीच्या शेळ्या मोजणे, तूर आणि हरभरा वेगवेगळ्या वाटीत टाकणे हाही अभ्यासच. यातले काय आणि कधी घ्यायचे, ते मुलाच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात लिहिलेले असावे. शिक्षक अधूनमधून येणार. रोजचा सराव घरच्यांनाच घ्यावा लागतो.

गैरसमज : दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढले की मुलावर शिक्का बसतो.
वस्तुस्थिती : प्रमाणपत्र आणि ‘यूडीआयडी’ कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) नसेल तर हक्काच्या सवलती अडतात. परीक्षेतला लेखनिक आणि तासाला २० मिनिटे जादा वेळ मागतानाही कागद दाखवावाच लागतो. शिक्क्याच्या भीतीने कागद टाळला, तर तोटा मुलाचाच.

तेव्हा या आठवड्यात गावातल्या मुख्याध्यापकांना किंवा तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना भेटा. तीन गोष्टी विचारा: मुलाचे नाव पटावर आहे का, त्याचा आराखडा लिहिला आहे का आणि शिक्षकांची पुढची घरभेट कोणत्या तारखेला. तिन्ही उत्तरे मिळाल्याशिवाय उठू नका.