कवटी दिसली, पण जात कळली का?

पाठीवर कवटीसारखा ठसा असलेला पतंग दिसला की ‘डेथ्स हेड हॉक मॉथ’ म्हणून आपण मोकळे होतो. पण हा ठसा ॲकेरॉन्शिया प्रजातीतल्या तिन्ही जातींवर असतो. त्यावरून घराणं कळतं, जात नाही. भारतात यांपैकी दोन जाती आढळतात: फॅब्रिशियसने १७९८ साली नाव दिलेली लॅकेसिस आणि वेस्टवुडने १८४७ साली नाव दिलेली स्टिक्स. खरा पुरावा मागच्या पंखांवर असतो. स्टिक्सचा मागचा पंख पिवळा, त्यावर दोन काळसर पट्टे. लॅकेसिसच्या पंखाच्या बुडाशी मात्र मोठा काळा डाग.

यावर कोणी म्हणेल, बसलेल्या पतंगाचे मागचे पंख झाकलेलेच असतात! बरोबर आहे. पण बिचकला की तो पंख उचलून चिरकतो, तेव्हाचा फोटो कामाचा. तो नसेल, तर नुसतं ‘ॲकेरॉन्शिया’ लिहिणं अधिक प्रामाणिक. दुसरा आक्षेप असा की, खवले झडले की रंग उडतो. म्हणूनच रंगाच्या छटेवर विसंबू नये. डाग पंखावर कुठे आहे आणि केवढा आहे, हे पाहावं. छटा फिकी पडते, नक्षीची जागा बदलत नाही.